ब्रेकच्या दिवशीची सही

चैत्र सरत आला की भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कडुलिंबांचा मोहर गळतो. कंपन्यांच्या भिंतींलगत त्याचा पिवळट भुसा साचतो, झळ आली की गोल गोल फिरतो, आणि त्याचा तो कडसर गोड वास ऑइलच्या आणि तापलेल्या लोखंडाच्या वासात मिसळून जातो. ह्याच दिवसांत झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागतात. कुठली ना कुठली सरकारी भरती निघालेली असते. पोरांच्या हातात जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला, पासपोर्ट फोटोंचं छोटं पाकीट, आणि तोंडावर एकच भाव, की यंदा आपलं होणार. परवा ऑफिसला जाताना मी स्कूटर कडेला घेऊन त्या रांगेकडे बघत राहिले. सगळी माझ्या लेकीच्या वयाची. वाटलं, उतरावं आणि एकेकाला विचारावं, बाळांनो, कायमची आहे का रे ती जागा, की सहा-सहा महिन्यांची? पण मला कोण विचारतंय! मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला आणि मी निघाले.

मी सरकारी नोकरीत आहे. म्हणजे आहे आणि नाही. लग्नाकार्यात पाहुण्यांना सांगायला आहे, बँकेत घरासाठी कर्ज मागायला गेलं की नाही. एका स्थानिक संस्थेच्या कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर मी बसते. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, कारण अजून तिथंच बसते. लोक मॅडम म्हणतात. कागदावर मी मानधनावरची लिपिक. सहा महिन्यांचा आदेश निघतो, ते संपले की एक दिवसाचा ब्रेक, आणि मग पुन्हा सहा महिन्यांचा नवा आदेश. त्या एका दिवसाचं कारण शेंबड्या पोरालाही कळेल. नोकरी सलग झाली तर माणूस उद्या कायम करा म्हणून हक्क सांगत येईल. मध्ये एक दिवस खंड दाखवला की आपण पुन्हा कालच लागलो. 'सरकारी काम, सहा महिने थांब' असं लोक खिडकीवर आम्हाला ऐकवतात. आमचं उलटं आहे बाबा. सहा महिने काम करायचं, एक दिवस थांबायचं, आणि परत नवीन होऊन यायचं.

आणि थांबायचं म्हणजे तरी काय? ब्रेकच्या दिवशी आम्ही घरी राहतच नव्हतो. माणसं काय आमचा ब्रेक बघून जन्मतात आणि मरतात? खिडकी बंद ठेवायची सोय नाही, आणि कायम नोकरीतली जी दोन-चार माणसं उरली आहेत त्यांचा त्या कामातला हात कधीच सुटलेला. तेव्हा ब्रेकलाही आम्ही नेहमीच्या वेळेला यायचो. फक्त हजेरीपटावर सही करायची नाही आणि गळ्यात ओळखपत्र घालायचं नाही. दिवसभर नोंदी लिहायच्या, आणि वहीतले शेवटचे दोन रकाने, 'नोंद घेणार' आणि 'तपासणार', कोरे सोडायचे. दुसऱ्या दिवशी कायमवाले बाबू येऊन त्यात आपल्या सह्या ठोकायचे. असं कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. मला ते शोभाताईंनी सांगितलं, माझ्या पहिल्या ब्रेकला. "आज आपुन हितं न्हाई, ध्यानात ठेव," म्हणाल्या, आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पुढे सरकवला. मला तेव्हा हसू आलं होतं.

शोभाताई दिघीच्या जुन्या गावातल्या. सासरची बरीचशी जमीन कधीकाळी लष्कराच्या हद्दीत गेली, उरलेली दिरांनी विकून खाल्ली, आणि नवरा गेल्यावर बाईच्या वाट्याला दोन खोल्या आणि बारावी पासचं सर्टिफिकेट आलं. माझ्या आधी सहा वर्षांपासून त्या ह्याच खिडकीवर होत्या. लोकांशी बोलताना भाषा अगदी पुस्तकी, 'आपला अर्ज अपूर्ण आहे, कृपया रहिवासाचा पुरावा जोडावा'. खिडकीकडे पाठ वळली की लगेच व्हय न् न्हाई. मी तोंडानं फटकळ. कुणी आवाज चढवला की मी दोन पट्ट्या वर चढणार, आणि शोभाताई मागून माझी ओढणी ओढणार. पाठीला डोळे असल्यासारखी त्यांना माझी खबर असायची. आई गेल्यापासून असं माझ्याकडे लक्ष ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्याला आता सहा-सात वर्षं झाली असतील. मंदी मंदी असं पेपरात यायला लागलं, पण आमच्याकडे ती आधी कानांना कळली. भोसरीत गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. गुरुवारी प्रेस मशीनचे ठोके बंद, आणि त्या शांततेत कावळ्यांचं सुद्धा ऐकू येतं. त्या वर्षी सोमवारही गुरुवारासारखा जायला लागला, मग मंगळवारही. आमच्या गल्लीतल्या खोल्यांवर राहणारी लातूर-नांदेडकडची पोरं एकेक करून गाद्या गुंडाळून गावाला गेली. दारांवर 'खोली भाड्याने देणे आहे'च्या पाट्या लागल्या आणि उन्हानं पिवळ्या पडल्या, तरी कुणी विचारायला येईना. कोपऱ्यावरचे गॅरेजवाले सलीमभाई दुपारभर स्टुलावर बसून पंक्चरची ट्यूब बुडवून बघायच्या टबातलं पाणी बदलायचे. दुसरं कामच नव्हतं.

माझा नवरा मिलिंद चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होता. गाड्यांच्या दरवाजाचे पार्ट बनवणारी कंपनी. आधी ओव्हरटाइम गेला, मग तिसरी शिफ्ट, मग महिन्यातले आठ दिवस कंपनी बंद, आणि एका शनिवारी एचआरनं बोलावून सांगितलं, भाऊ, फोन येईपर्यंत थांबा. अकरा वर्षं झाली होती. त्या दिवशी घरी आला, सेफ्टी शूज काढून गॅलरीत उन्हात ठेवले आणि मला म्हणाला, वाळले की आत घे. ते ओले नव्हतेच. पुढे कितीतरी दिवस पहाटे साडेपाचला, दुसऱ्या कुठल्या कंपनीची बस चौकात वाजली, तरी तो अंथरुणात उठून बसायचा. मी झोपल्याचं सोंग करायचे. त्याच्याकडे बघवायचं नाही.

माझे पप्पा पिंपरीत फिटर होते. त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. त्यानंतर त्यांच्या तोंडी एकच वाक्य, "सरकारात चिकट. शिपाई म्हणून चिकट, पण चिकट." आम्हा भावंडांना त्यांनी ह्याच एका गोष्टीसाठी शिकवलं. मानधनावर का होईना, मी लागले तेव्हा पप्पांनी वस्तीत पेढे वाटले, जयंतीच्या मिरवणुकीत चारचौघांना सांगत फिरले. चिकटले खरी मी. डिंक सहा महिन्यांचा होता, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. ते गेले ते मुलगी सरकारी नोकर आहे ह्याच समाधानात गेले.

आणि त्याच उन्हाळ्यात लिपिकांच्या कायम जागांची जाहिरात आली. आम्ही दोघांनी अर्ज भरले. नवरा-बायको एकाच पदाचे उमेदवार! मार्गदर्शकाचं जाडजूड पुस्तक एकच आणलं, तर मिलिंदनं ते मधोमध फाडलं. व्याकरण आणि सामान्यज्ञान माझ्याकडे, गणित आणि बुद्धिमत्ता त्याच्याकडे, आणि दर आठ दिवसांनी अदलाबदल. मी भाकरी थापता थापता नद्यांचे उगम म्हणायचे, तो कुकरच्या शिट्ट्यांमध्ये टक्केवारी सोडवायचा, आणि लेक आमच्या परीक्षा घ्यायची. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा आम्ही एकमेकांचे मार्क चोरून बघायचो. परीक्षेच्या केंद्रावर माझ्या शेजारी आयटीतून कमी केलेली एक मुलगी बसली होती, पुढे दोन इंजिनिअर. बाहेर आल्यावर मिलिंद म्हणाला, आपण कशाला आलो होतो राव इथं? दोघांचीही नावं लागली नाहीत. ते कळायला आणखी चार महिने गेले, पण त्या गेटबाहेर उसाचा रस पिताना दोघांनाही ते कळलेलं होतं.

एप्रिलच्या शेवटी ब्रेक आला. मंगळवार होता. ऑफिसातली वीज गेलेली, पंखा बंद, वहीच्या पानाला मनगटाचा घाम चिकटत होता. कायमवाले दोन्ही बाबू वसुलीच्या कामाला बाहेर. दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला एक पस्तिशीचा माणूस खिडकीवर आला. केस बारीक कापलेले, उभं राहणं ताठ. लष्करात होता. दिघीत त्याची आई घरीच वारली होती, दहावं उरकून रजा संपली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी. युनिटात दाखवायला मृत्यूचा दाखला हवा होता. खरं तर उद्या या म्हणायला हवं होतं. पण शोभाताईंना त्याची आई ठाऊक होती, दिघीच्या बाजारात मेथी-शेपूच्या जुड्या घेऊन बसायची ती. त्यांनी मला खुणेनं सांगितलं, लिही. मी नोंद लिहिली आणि वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी सवयीप्रमाणे मृताचं नाव मोठ्यानं वाचलं, चूक नको म्हणून पुन्हा एकदा वाचलं, आणि तो इतका वेळ ताठ उभा असलेला माणूस खिडकीच्या गजांना धरून हमसाहमशी रडायला लागला.

आम्ही दोघी पार गडबडून गेलो. शोभाताई उठून पाणी द्यायला गेल्या. त्या परत आल्या तोवर माझ्या हातानं, रोजचीच सवय, 'नोंद घेणार'च्या रकान्यात सही करून खाली तारीख टाकली होती. त्यांनी खाली बसून शेजारच्या रकान्यात आपली केली. साहेबांनी न बघता दाखल्यावर सही दिली, आणि जवान दोन्ही हात जोडून गेला. ब्रेकच्या दिवशी आपण सही केली हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही. सहाला वही मिटून आम्ही घरी गेलो.

आता एक सांगायचं राहिलं. शोभाताईंनी आणि आणखी चौघांनी हिवाळ्यात कोर्टात दावा लावला होता, आम्हाला कायम करा म्हणून. मी त्यात नाव दिलं नव्हतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठीला लागू नये, एवढी अक्कल मला आहे असं मला वाटायचं. कार्यालयाचं म्हणणं सरळ होतं, की ह्यांची नोकरी सलग नाही, दर सहा महिन्यांनी खंड आहे आणि खंडात ह्यांनी काम केलेलं नाही. वकील म्हणाला, खंडाच्या दिवशी काम केल्याचा एक तरी कागद आणा. चौदा वर्षांत अठ्ठावीस ब्रेक झाले असतील, आणि अठ्ठावीस दिवस काम करून बाईपाशी एक कागद नव्हता. आम्हीच तर इतक्या मन लावून कोरे सोडले होते ते रकाने.

मेच्या मध्यावर एका दुपारी खिडकी जेवायला बंद केली आणि शोभाताईंनी ती वही माझ्यासमोर उघडून ठेवली. जुन्या नोंदी चाळताना त्यांना ते पान सापडलं होतं. दोन सह्या, खाली मंगळवारची तारीख. त्यांनी त्यावर बोट ठेवून दाखवलं. वकील म्हणतो वही कोर्टात मागवून घेऊ, पण वही आपणहून बोलत नाही, कुणीतरी उभं राहून बोलायला पाहिजे, असं सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "तू फकस्त यायचं आन् व्हतं ते सांगायचं." मी म्हटलं, येते की, त्यात काय एवढं! आणि खरंच, त्या क्षणी मला त्यात काही वाटलं नव्हतं. आम्ही एका डब्यात जेवलो. कैरीचा तक्कू होता. त्या दिवसाइतक्या खूश शोभाताई मी कधी पाहिल्या नव्हत्या.

नवे आदेश एव्हाना यायला हवे होते. ब्रेक होऊन तीन आठवडे झाले होते, आम्ही बिनआदेशाच्याच कामावर येत होतो, तेही नेहमीचंच. मग वही मागणारा वकिलाचा अर्ज ऑफिसात पोचला आणि दुसऱ्याच दिवशी देशमाने साहेबांनी मला आत बोलावलं. देशमाने साहेब आमचे अधीक्षक. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, टेबलावर बीपीच्या गोळ्या, स्वभावानं देवमाणूस. लेक आजारी असताना ह्याच माणसानं मला पाच दिवस हजेरीत सांभाळून घेतलं होतं. म्हणाले, आदेशांची यादी वर गेली आहे, तुमचं नाव थांबवलंय. त्या सहीबद्दल विचारणा झाली आहे. मग स्वतःच उपाय सांगितला. सही दुसऱ्या दिवशी, नवीन मुदतीत केली, तारीख मात्र नजरचुकीने आदल्या दिवशीची पडली, असा दोन ओळींचा खुलासा द्यायचा. नाव सुटेल. मी म्हटलं, साहेब, पण शोभाताईंचं काय? त्यांनी गोळीची पट्टी उलटी-सुलटी केली.

"त्यांचं त्या बघतील," म्हणाले. "तुमच्या घरात सध्या कमावतं कोण?"

आवाजात धमकी नव्हती. काळजीच होती. धमकी असती तर मी फाडफाड बोलले असते, मला ते चांगलं जमतं. काळजीपुढे 'बघते साहेब' म्हणून मी बाहेर आले.

घरी येऊन मिलिंदला सांगितलं. तो सकाळपासून चाकण आणि महाळुंग्याच्या गेटांवर बायोडाटा वाटून आला होता, मानेवर घामोळं उठलं होतं. कुठल्याही गेटवर वॉचमनच्या पुढे कागद जात नव्हता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मी काही सांगणार नाही, तुझं तू ठरव. मी भाजी चिरत राहिले. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "दोघं बसलो घरी, तर?" तेवढंच. लेकीचं बारावीचं वर्ष सुरू होणार होतं.

खुलासा मी ऑफिसातच लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, पप्पांनी घोटून घेतलेलं. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की...' ही वाक्यं हाताला इतकी सरावाची झाली आहेत की मन दुसरीकडे ठेवून लिहिता येतात. मन कुठं ठेवणार होते? शोभाताई हातभर अंतरावर बसल्या होत्या. जन्माच्या दाखल्यांची चळत शिक्क्यासाठी लावत होत्या. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाल्या, काय लिहितेस गं एवढं? मी म्हटलं, लेकीच्या कॉलेजचा अर्ज. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, हुशार हाय पोरगी, शिकव तिला. मी खाली सही केली. ह्या सहीची तारीख मात्र अगदी बरोबर होती.

चार दिवसांनी आदेशांची यादी फलकावर लागली. माझं नाव होतं. शोभाताईंचं नव्हतं, त्यांच्याबरोबरच्या चौघांचंही नव्हतं. कारण लिहिलेलं नव्हतं. नवा आदेश न देण्याला कारण लागत नाही, जुना आपोआप संपलेलाच असतो. शोभाताई फलकापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग जागेवर आल्या, ड्रॉवरमधला पाण्याचा तांब्या, खुर्चीवरची उशी आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली पिशवीत भरली. कुठल्या अर्जाला कुठला कागद यायचा राहिलाय ते मला नीट समजावून सांगितलं. माझ्या खुलाशाचं त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, तुझी निघाली ना ऑर्डर, बरं झालं. ह्या गोष्टीची आठवण झाली की आजही माझी पाठ ताठते.

आठवड्यानं वकिलाच्या हातात खुलाशाची नक्कल पडली. त्यानंतर शोभाताईंचा फोन आला नाही. मीही केला नाही.

लोक मला काय म्हणाले ते सांगते. मिलिंद म्हणाला, तुझ्या जागी कुणीही हेच केलं असतं. देशमाने साहेब म्हणाले, कुणीही हेच केलं असतं. माझी मावशी तर म्हणाली, आपलं घर सांभाळणं हा गुन्हा आहे का गं? प्रत्येक वेळी बरं वाटायचं, दुपारपर्यंत टिकायचं. मग खिडकीवर कुणी आवाज चढवला, मी सवयीनं दोन पट्ट्या वर चढले, की मागून ओढणी ओढणारं कुणी नसायचं. त्या रिकाम्या खुर्चीवर मी फायली ठेवायला लागले.

मिरगाच्या आधी, उन्हाची शेवटची चुणचुण असताना, मी दिघीला गेले. डझनभर पायरी आंबे घेतले होते. काय मनात होतं ते खोटं कशाला सांगू? क्षमा मागायची नव्हती. सगळे म्हणत होते ते एक वाक्य मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी म्हटलं असतं की संपलं असतं.

त्या गच्चीवर होत्या. गव्हाच्या चिकाच्या कुरडया घालत होत्या, कुणा दुकानदाराची ऑर्डर होती. जुन्या साड्यांवर पांढऱ्या कुरडयांच्या रांगा पसरल्या होत्या. पलीकडे लष्कराच्या हद्दीतलं मोकळं पिवळं माळरान दिसत होतं. मला बघून ये म्हणाल्या, पाणी दिलं, आणि अर्धवट वाळलेल्या कुरडया उलटायला बसवलं. मी उलटत होते आणि बडबडत होते. मिलिंदचं सांगितलं, लेकीच्या फीचं सांगितलं, यादीत नाव थांबवल्याचं सांगितलं. त्या सोऱ्या फिरवत राहिल्या. शेवटी माझाच धीर सुटला. मी म्हटलं, शोभाताई, माझ्या जागी कुणीही असतं तरी...

त्यांनी सोऱ्या खाली ठेवला.

"तू कामावर व्हतीस. मी बी कामावर व्हते," म्हणाल्या. "एवढंच सांगायचं व्हतं."

राग नव्हता त्यात. रागावल्या असत्या तर मी पाय धरले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. त्या पुन्हा सोऱ्या फिरवायला लागल्या आणि 'त्या कडेच्या उलट, जास्त तापत्यात' एवढं म्हणाल्या. मी त्या कडेच्या उलटल्या. आंबे त्यांनी ठेवून घेतले. निघताना मला कुरडयांची पिशवी दिली, कारण त्यांच्या घरातून कुणी रिकाम्या हातानं जात नसे. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसले. कुरडया मोडू नयेत म्हणून प्रत्येक खड्ड्यात ती उचलून धरत होते.

मंदी पुढे ओसरली म्हणतात. कंपन्यांनी पुन्हा माणसं घेतली, पण नवी घेतली, विशीतली. मिलिंदला तो फोन कधीच आला नाही. आता तो भोसरीतच एका वर्कशॉपमध्ये निम्म्या पगारावर आहे. सेफ्टी शूज वापरतो अजून. शोभाताईंचा दावा दोन-तीन वर्षं चालला आणि मग पुराव्याअभावी गेला. कोर्टाच्या कागदात माझ्या खुलाशाचा उल्लेख आहे असं कुणीतरी सांगितलं, मी तो वाचला नाही. माझे आदेश मात्र निघतात. दर सहा महिन्यांनी, कधी आठ दिवस उशिरा, कधी महिनाभर. दर ब्रेकला मी ऑफिसात जाते, नोंदी लिहिते, आणि शेवटचे दोन रकाने कोरे सोडते. त्यानंतर माझ्या हातून पुन्हा तशी चूक झालेली नाही.

ह्या उन्हाळ्यातला ब्रेकही परवाच झाला. यंदा पुन्हा कंपन्यांच्या बातम्या बऱ्या नाहीत, गल्लीत पुन्हा पाट्या दिसायला लागल्या आहेत. त्या झेरॉक्सच्या रांगेकडे बघत मी इतका वेळ का थांबले ते आता मला कळतंय. ती पोरं कुठंतरी लागतील, त्यांच्या शेजारी कुणीतरी शोभाताई बसतील, आणि एक दिवस साहेब काळजीनं विचारतील, घरात कमावतं कोण. तेव्हा काय करायचं हे त्या अर्ध्या फाडलेल्या मार्गदर्शकात कुठेच नव्हतं, आणि असतं तरी मी ते पाठ करून विसरले असते.

तर जे तेव्हा सांगायचं होतं ते आता सांगते. त्या मंगळवारी, ब्रेकच्या दिवशी, शोभाताई कामावर होत्या. सकाळी पावणेदहाला आल्या आणि संध्याकाळी सहानंतर गेल्या. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. एका माणसाच्या आईचा मृत्यू आम्ही नोंदवला आणि दोघींनी त्याच दिवशी, एकापाठोपाठ एक, सह्या केल्या. तारीख नजरचुकीने पडलेली नव्हती. हे सगळं खरं आहे. फक्त त्यांचं नाव शोभा नाही. खरं नाव लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. माझा नवा आदेश अजून यायचा आहे.